तोच संगणक, तीच प्रणाली, मग वेग गेला कुठे?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

संगणक कालांतराने मंद का होतो, ह्या विषयावर बरीच पत्रे साठली होती. त्यांतली पाच निवडून येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या काही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी लेखापाल आहे. सात वर्षांपूर्वी घेतलेला माझा लॅपटॉप सुरुवातीला एका मिनिटात कामाला लागत असे. आता पासवर्ड टाकल्यावर चार-पाच मिनिटे नुसते बसून राहावे लागते. मी काहीही नवे टाकलेले नाही. तेच हिशेबाचे सॉफ्टवेअर, तोच ब्राउझर. सॉफ्टवेअर हे काही लोखंडी यंत्र नव्हे की वापरून झिजावे. मग ऑपरेटिंग सिस्टीम मंद कशी होते?

उत्तर : तुमचे मूळ गृहीतक बरोबर आहे. प्रोग्राम म्हणजे शेवटी आकड्यांची एक लांबलचक माळ असते आणि ती कितीही वेळा वाचली तरी झिजत नाही. सात वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या दिवशीची डिस्क जशीच्या तशी प्रतिलिपी करून ठेवली असती आणि आज ती सुस्थितीतल्या त्याच लॅपटॉपवर परत उतरवली, तर तो त्या दिवशीच्याच वेगाने सुरू झाला असता. म्हणजे बदल झाला आहे तो डिस्कवर काय आहे ह्यात, ते कुठे पडले आहे ह्यात आणि त्या यंत्राकडून आपण किती कामाची अपेक्षा करतो ह्यात.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र मी तपासून घेईन, ते म्हणजे ‘मी काहीही नवे टाकलेले नाही’. तुम्ही टाकले नसेल, पण टाकले गेले आहे. प्रिंटर जोडला तेव्हा त्याच्यासोबत शाई मोजणारा एक प्रोग्राम आला. पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वतःची नवी आवृत्ती आली आहे का हे पाहणारा एक पहारेकरी बसवला. ब्राउझरनेही तसाच एक बसवला. कधीतरी एका दूरस्थ बैठकीसाठी घेतलेल्या प्रोग्रामने, पुढच्या बैठकीला उशीर होऊ नये म्हणून, रोज संगणकाबरोबर उठण्याची परवानगी स्वतःच घेऊन टाकली. ह्यांतला प्रत्येक प्रोग्राम आपण एकटेच आहोत अशा थाटात लिहिलेला असतो आणि एकेकट्याचा भार खरोखरच किरकोळ असतो. माझ्याच एका जुन्या संगणकावर, दोन वर्षांपूर्वी मोडीत गेलेल्या प्रिंटरची शाई किती उरली आहे हे पाहणारा प्रोग्राम रोज सकाळी इमानेइतबारे उठत होता.

पासवर्ड टाकून एन्टर दाबल्यानंतरची ती चार मिनिटे आता जवळून पाहू. तुमच्या वर्णनावरून लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असावी. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळापर्यंत सरकण्यात अंदाजे १२ मिलिसेकंद गेलेले असतात. एका लहानशा वाचनाला असे १७-१८ मिलिसेकंद धरा. ही डिस्क सेकंदाला जेमतेम ५५ ते ६० विखुरलेली वाचने करू शकते, मग त्या प्रत्येक वाचनात हाती येणारी माहिती कितीही थोडी असो. समजा, सकाळी उठणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांना मिळून अशा १२ हजार तुकड्यांची गरज आहे. तर गुणाकार करून पाहा, साडेतीन मिनिटे तिथेच संपतात. टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम काय वापरतो आहे हे दाखवणारा विंडोजमधला फलक, उघडला तर त्या वेळी डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसते आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एखादा मेगाबाइट. पाहणाऱ्याला ह्या दोन आकड्यांचा मेळ लागत नाही, कारण सलग मोठी फाइल वाचायला दिली तर हीच डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या घरात वेग देऊ शकते. पण ते १०० टक्के म्हणजे डिस्क सतत गुंतलेली आहे एवढेच. ती वाचण्यात गुंतली आहे की धावपळीत, हे तो आकडा सांगत नाही. आणि दहा प्रोग्राम एकाच वेळी दहा जागच्या फाइली मागत असतील, तर ती मुख्यतः धावपळच करत असते.

सात वर्षांत ही धावपळ आणखी एका कारणाने वाढते. रिकाम्या डिस्कवर फाइल सलग लिहिली जाते. डिस्क भरत आली, फाइली पुसल्या गेल्या, वाढल्या, की मोकळी जागा ठिगळांसारखी उरते आणि नवी फाइल तुकड्यातुकड्यांनी बसवावी लागते. हे तुकडे जुळवण्याचे काम, म्हणजे डीफ्रॅग, पूर्वी हाताने करावे लागे. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज विस्टापासून ते ठरल्या वेळी आपोआप होते, म्हणून आज त्याचा फार बाऊ करण्याचे कारण नाही. एक भौतिक बाब मात्र कोणत्याही डीफ्रॅगने पूर्णपणे सुटत नाही. डिस्कच्या बाहेरच्या वर्तुळाचा परीघ मोठा असल्याने तिथे एका फेरीत जास्त माहिती बसते, आणि आतल्या वर्तुळांवर सलग वाचनाचा वेग बाहेरच्यापेक्षा निम्म्याच्या आसपास येतो. साधारणपणे डिस्क बाहेरून आत भरत जाते. त्यामुळे पहिल्या वर्षी जे आले त्याला चांगली जागा मिळते आणि सातव्या वर्षीच्या अद्ययावत फाइलींना उरलेली.

आता अपेक्षांकडे वळू. १९९५ सालच्या विंडोजला किमान ४ मेगाबाइट रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, पुरत असे; २०२१ सालच्या विंडोज ११ साठी किमान अट ४ गिगाबाइटची आहे, म्हणजे बरोबर १०२४ पट. पास्कल ही संगणकभाषा घडवणारे निकलाउस वीर्थ ह्यांनी १९९५ मध्येच अशी तक्रार केली होती की हार्डवेअर जेवढ्या झपाट्याने वेगवान होते, त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जाते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, आणि वाढलेल्या वजनाचा बराच भाग सुरक्षितता, स्पष्ट अक्षरे, अनेक भाषांच्या लिपी अशा हव्याशा गोष्टींचाही आहे; पण ज्याचे हार्डवेअर सात वर्षे आहे तिथेच थांबले आहे, त्याच्या वाट्याला त्या शर्यतीतली फक्त एकच बाजू येते. तुमचे ‘तेच’ हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि ‘तोच’ ब्राउझर ह्यांची फक्त नावे तीच राहिली आहेत. ब्राउझरचे तर विशेषच म्हणावे लागेल, कारण एका टॅबमधली गडबड दुसऱ्यात पोहोचू नये म्हणून आजचे ब्राउझर टॅबना वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवतात, आणि ह्या सुरक्षिततेचे मोल रॅममध्ये चुकवावे लागते. रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम सध्या न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. म्हणजे रॅमची टंचाईसुद्धा शेवटी त्याच बिचाऱ्या डिस्कच्या टोकावर येऊन आदळते.

काही मंदपणा जाणूनबुजून पत्करलेला असतो, हेही सांगायला हवे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरच्या रचनेतले दोष जाहीर झाले. त्यांवरचे उपाय ऑपरेटिंग सिस्टीमच्या अद्ययावतीकरणांतून आले आणि त्यांनी काही प्रकारची कामे थोडी मंद केली, जुन्या प्रोसेसरवर अधिक. हे उपाय काढून वेग परत मिळवण्याचे सल्ले दिले जातात. हिशेबाची कागदपत्रे ज्या संगणकावर आहेत, त्यावर मी तसे कधीही करणार नाही.

तुम्ही काय करावे? आधी टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा भाग उघडा आणि जे रोज सकाळी उठायला नको ते बंद करा. तसे केल्याने प्रोग्राम काढला जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. तिथे प्रत्येकापुढे परिणाम ‘हाय’, ‘मीडियम’ असा लिहिलेला असतो, पण त्यावर फार विसंबू नका. सुरू होताना एका सेकंदाहून अधिक प्रोसेसरवेळ किंवा ३ मेगाबाइटहून अधिक डिस्कचा वापर झाला की ‘हाय’चा शिक्का बसतो, आणि आजच्या काळात ३ मेगाबाइट म्हणजे काहीच नव्हे. त्यानंतर फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे माहिती चिपांमध्ये साठवणारा ड्राइव्ह, बसवा. एसएसडीमध्ये सरकणारे टोकही नाही आणि फिरणारी तबकडीही नाही. एक लहान वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होते. वरचीच १२ हजार वाचने त्या हिशेबाने सव्वा सेकंदाची ठरतात. प्रत्यक्षात प्रोसेसरचेही काम असतेच, त्यामुळे लॅपटॉप सव्वा सेकंदात सुरू होणार नाही, पण चार मिनिटेही लागणार नाहीत. जुन्या संगणकावर करण्याजोगा इतका परिणामकारक दुसरा बदल मला माहीत नाही.

प्रश्न : आमच्या कार्यालयातला तंत्रज्ञ दर वर्षी सगळे संगणक फॉरमॅट मारतो आणि त्यानंतर ते खरोखरच पळू लागतात. मधल्या काळात तो ‘रजिस्ट्री क्लीनर’ चालवतो. हे दोन्ही योग्य आहे का?

उत्तर : पहिल्याने गुण येतो, दुसऱ्याने येत नाही.

फॉरमॅट मारून सगळे नव्याने बसवले की वर्षभरात साठलेले एकजात सारे निघून जाते. त्यामुळे वेग परत येतो, पण नेमका दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या दोन आठवड्यांत तेच प्रोग्राम, त्यांच्या तशाच शेपट्यांसह, परत बसवले जातात. एक उदाहरण घ्या. एखाद्या फाइलवर राइट क्लिक केल्यावर यादी उमटायला दोन-तीन सेकंद लागतात, अशी तक्रार फार ऐकू येते. त्या यादीत ‘संकुचित करा’, ‘विषाणू तपासा’, ‘अमुक ठिकाणी पाठवा’ अशा ज्या ओळी वेगवेगळ्या प्रोग्रामांनी घुसवलेल्या असतात, त्यांच्यापैकी अनेकींमागचा तुकडा फाइल एक्सप्लोररला स्वतःत ओढून घ्यावा लागतो, आणि त्यांतला एक जरी एखाद्या बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हची वाट पाहत थांबला तरी अख्खी यादी त्याच्यासाठी खोळंबते. अशा वेळी तो एक प्रोग्राम शोधून काढणे हे दहा मिनिटांचे काम आहे. त्यासाठी अख्खा संगणक धुऊन काढण्याची गरज नसते. तुमच्या तंत्रज्ञाची बाजूही मी समजू शकतो, कारण ३० संगणकांतला प्रत्येक दोष शोधत बसण्यापेक्षा ३० वेळा फॉरमॅट मारणे त्याला कमी वेळात जमते.

रजिस्ट्री क्लीनरचे मात्र समर्थन करता येत नाही. रजिस्ट्री ही विंडोजमधली मांडण्यांची नोंदवही आहे आणि तिची रचना झाडाच्या फांद्यांसारखी असते. हवी ती नोंद शोधताना प्रणाली मुळापासून एकेका फांदीने खाली जाते. बाजूच्या फांद्यांवर हजार निरुपयोगी नोंदी लटकत असल्या तरी तिच्या वाटेत त्या येत नाहीत. लाखो नोंदींमधून क्लीनरने दोन हजार काढल्या, तर वेगात फरक पडलेला जाणवणे शक्य नाही. उलट एखादी लागणारी नोंद उडाली तर प्रोग्राम चालेनासा होतो. अशी साधने वापरण्याला स्वतः मायक्रोसॉफ्ट पाठिंबा देत नाही. ‘आपल्या संगणकात १८४७ दोष सापडले’ अशी लाल अक्षरे दाखवणारे सॉफ्टवेअर बहुधा स्वतःच आपोआप उठणाऱ्यांच्या यादीत नाव लावून बसलेले असते, ही त्यातली गंमत.

प्रश्न : मी रोज रात्री संगणक ‘शट डाउन’ करते. तरीही टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’, म्हणजे संगणक सलग चालू असल्याचा काळ, ४१ दिवस दाखवतो. हा आकडा चुकीचा आहे ना?

उत्तर : आकडा बरोबर आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना शट डाउन केले की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आणि हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. एखाद्या ड्रायव्हरची थोडी थोडी रॅम अडवून परत न करण्याची खोड असेल, तर ती अडवणूक ४१ दिवस साठत राहते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र गाभा खरोखर नव्याने उभा राहतो. बंद करण्यापेक्षा पुन्हा सुरू करणे अधिक पूर्ण असावे, हे ऐकायला विचित्र वाटते खरे. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा आणि दुसऱ्या दिवशीचा फरक पाहा.

प्रश्न : लिनक्स आणि मॅक कधीच मंद होत नाहीत, असे माझा मुलगा ठामपणे सांगतो. त्यात तथ्य किती?

उत्तर : थोडे आहे. लिनक्समध्ये प्रचलित असलेली एक्स्ट-४ ही फाइलव्यवस्था फाइली एकमेकींना खेटून न ठेवता मध्ये जागा सोडून ठेवते आणि लिहिण्याचा निर्णय शक्य तितका लांबवते, त्यामुळे फाइलींचे तुकडे कमी होतात. शिवाय बहुतेक सॉफ्टवेअर एकाच भांडारातून येत असल्यामुळे प्रत्येक प्रोग्राम स्वतःचा वेगळा पहारेकरी बसवत नाही. पण सेवा तिथेही साठतात. बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत ‘सिस्टीमडी-ॲनलाइझ ब्लेम’ अशी एक आज्ञा आहे, जी सुरू होताना कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ह्याची उतरत्या क्रमाने यादी देते. कोणी उशीर केला हे सांगणाऱ्या आज्ञेत ‘ब्लेम’ हा शब्द घालणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

मॅकचे म्हणाल, तर मोठे अद्ययावतीकरण झाल्यावर फाइली शोधण्यासाठीची स्पॉटलाइटची अनुक्रमणिका पुन्हा बांधली जाते आणि ते चालू असेपर्यंत यंत्र सुस्तावते. हे एक-दोन दिवसांत आपोआप निवळते. ज्या जुन्या मॅकमध्ये फिरती डिस्क आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस ही फाइलव्यवस्था मुळात एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. ती बदललेला भाग जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिते, आणि फिरत्या डिस्कवर त्यामुळे टोकाची धावपळ वाढते. आणि ब्राउझर तिन्हीकडे सारखाच खादाड आहे, एवढे मुलाला जरूर सांगा.

प्रश्न : माझ्या संगणकात पहिल्यापासून एसएसडी आहे, तरीही तो अलीकडे मंद झाला आहे, विशेषतः मोठ्या फाइली उतरवताना. डिस्क ९४ टक्के भरली आहे. डीफ्रॅग करू का?

उत्तर : डीफ्रॅग करू नका, एसएसडीवर त्याने मिळण्यासारखे जवळजवळ काही नाही आणि विनाकारण लिहिण्याने माहिती साठवणाऱ्या पेशी मात्र झिजतात. तुमच्या दुखण्याचे कारण तुम्हीच लिहिले आहे, ते म्हणजे ९४ टक्के.

एसएसडीमध्ये लिहिणे लहान पानांवर होते, पण पुसणे मात्र शेकडो पानांच्या गठ्ठ्यानेच करता येते, आणि लिहिलेल्या पानावर पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही. रिकामे गठ्ठे हाताशी असतील तर लिहिणे झटपट होते. ते संपले की ड्राइव्हला एखाद्या अर्धवट गठ्ठ्यातली कामाची पाने उचलून दुसरीकडे न्यावी लागतात, तो गठ्ठा पुसावा लागतो आणि मग तुमची माहिती लिहावी लागते. खोली इतकी भरली आहे की एक खुर्ची हलवण्यासाठी आधी तीन खुर्च्या बाहेर काढाव्या लागतात, तशी ही अवस्था आहे. त्यात भर म्हणजे, एका पेशीत चार बिट साठवणारे क्यूएलसी प्रकारचे ड्राइव्ह मोकळ्या पेशींपैकी काही तात्पुरत्या एकच बिट साठवून वापरतात, म्हणजे लिहिणे वेगाने होते. मोकळी जागा आटली की ही राखीव जागाही आटते, आणि ती संपल्यावर काही ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग फिरत्या डिस्कइतका खाली येतो. १५ ते २० टक्के जागा मोकळी करा. पुसलेल्या फाइलींची पाने आता रिकामी समजावीत, ही सूचना ड्राइव्हला ‘ट्रिम’ आज्ञेने मिळते. विंडोज ७ पासून ती आपोआप जाते, त्यामुळे तुम्हाला वेगळे काही करावे लागू नये. फाइली पुसल्यावर संगणक तासभर चालू ठेवून मोकळा सोडलात तर ड्राइव्हला आतली आवराआवर करायला सवड मिळते.

जागा मोकळी करूनही फरक पडला नाही, आणि मंदपणा संगणक सुरू केल्यावर लगेच न येता अर्ध्या तासाने येत असेल, तर डिस्कचा पिच्छा सोडून पंख्याकडे पाहा. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर ‘बेस स्पीड’ आणि चालू ‘स्पीड’ असे दोन आकडे असतात. जोराचे काम चालू असताना दुसरा आकडा पहिल्याच्या खाली रेंगाळत असेल, तर बहुधा पंख्याच्या जाळीत धूळ अडकली आहे किंवा प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप वाळला आहे. पहिल्या पत्रात सॉफ्टवेअर झिजत नाही असे म्हटले आहे ते खरे, पण लेप वाळतो.